अठरा फुटांची कोरी भिंत

मागच्या महिन्यात आपल्या केंद्रावर एका ताईंचा प्रश्न आला. त्या म्हणाल्या, "घराची वाटणी झाली. अर्धं दिराचं, अर्धं आमचं. सपरीपासून मागच्या अंगणापर्यंत मधोमध विटांची भिंत उठली. अठरा फूट लांब आणि नऊ फूट उंच. आमच्याकडची जागा बोळीसारखी झाली आहे. सकाळी उठलं की समोर तीच. तिच्यावर काय लावू, सांगा."

हा प्रश्न त्या एका ताईंचा नाही. जुनी घरं रस्त्याकडून अरुंद आणि आत लांबच लांब असतात. वाटणीत प्रत्येकाला रस्त्याकडचं दार हवं असतं, म्हणून घर आडवं न तोडता उभं चिरलं जातं. मग दोन्हीकडे एकेक लांब, कोरी भिंत शिल्लक राहते. वाटणी नसली तरी ओळीने खोल्या बांधलेल्या घरात अशी एक भिंत असतेच. तेव्हा आज तिच्याबद्दलच बोलू.

बाजारात गेलात तर दुकानदार पहिल्या मिनिटाला वॉलपेपरचा गठ्ठा उघडतो. धबधबे, विटांचं चित्र, गुलाबाची फुलं. पण भिंतीवर काय लावायचं हे नंतर बघू. आधी भिंत कशाची आहे आणि कोरडी आहे का, हे बघायचं. जी भिंत आतून ओली आहे तिच्यावर कितीही सुंदर काही चिकटवा, ते दुसऱ्या पावसाळ्याला फुगून खाली येतं. आणि भिंत मातीची असेल तर तोटा नुसत्या पैशांचा राहत नाही. मातीची भिंत पायथ्याशी भिजली की ती आतून सैल होते. वरून प्लॅस्टिकचा कागद किंवा चकचकीत रंग असला तर ते सैल होणं दिसत नाही. दरवर्षी पावसात भिंती पडतात, त्यातल्या कितीतरी अशाच भिजलेल्या असतात. भिंतीवर डाग दिसत होता तोपर्यंत ती आपल्याला काही सांगत होती. आपण तिचं तोंड झाकू नये.

ओल तपासायला मिस्त्री लागत नाही. हातभर प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा घ्या आणि भिंतीच्या खालच्या भागावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवस तसाच राहू द्या. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दमटपणा दिसला तर तो खोलीतल्या हवेचा आहे, त्याला खिडकी उघडणं हा उपाय. पांढरी भुकटी सुटत असेल तर तो लोणा. भिंतीतलं पाणी वर चढतं, सोबत क्षार आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. लोण्यावर रंग म्हणजे राखेवर रांगोळी. आधी पाणी कुठून येतं ते शोधा: न्हाणीचा उतार, पन्हाळाचं पाणी, भिंतीला लावून ठेवलेली तुळशीची कुंडी, शेजारच्या अंगणातली नाली.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेण्याची आता चाल पडली आहे. घर पक्कं झाल्यासारखं वाटतं, हे खरं. पण मातीची भिंत ओल घेते आणि सोडतेही. सिमेंटचा थर तिचं सोडणं बंद करतो आणि पाणी आत अडकून राहतं. मातीच्या भिंतीला माती, शेण, चुना हेच मानवतं. आपल्या सासवा दरवर्षी पोतारा घेऊन बसायच्या, त्यात हौस होती तशी भिंतीची देखभालही होती. हात फिरवता फिरवता कुठे पोकळ वाजतं, कुठे भेग आहे, हे त्यांना कळायचं.

प्रश्न विचारणाऱ्या ताईंची भिंत मात्र नवी, विटा-सिमेंटची आहे. तिचा त्रास वेगळा. नव्या गिलाव्यात मारलेलं पाणी बाहेर पडायला वेळ लागतो. निदान एक महिना तिला काहीच लावू नका आणि पहिलं वर्ष नुसत्या चुन्यावर काढा. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. दिवाळीला चुना मारायची जुनी रीत टिकली तीही त्यामुळेच. पावसाळा नुकताच संपलेला, भिंती पुरत्या वाळलेल्या नाहीत, तरी चुन्याचं थोड्या ओलीने बिघडत नाही. प्लॅस्टिक रंगाचं बिघडतं. तो मारायचाच असेल तर होळीनंतर, उन्हं तापल्यावर.

चुना करताना काळजी घ्या. कळीचा चुना मातीच्या नाहीतर लोखंडी भांड्यात पाणी घेऊन त्यात थोडा थोडा टाकायचा. चुन्यावर पाणी ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. प्लॅस्टिकची बादली घेऊ नका, उष्णतेने वितळते. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, आणि लेकरं दूर. रात्रभर, जमल्यास दोन दिवस मुरू द्या, मग जुन्या लुगड्यातून गाळा. डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ घाला. भिंत आधी पाण्याने ओली करून दुधासारखे पातळ तीन हात मारा. एकच जाड हात मारला की पोपडे धरतात.

भिंत जुनी असून तिच्यावर ऑइल पेंट असेल तर त्यावर चुना बसत नाही, तो खरवडावा लागतो. इथे मी थोडं थांबून सांगते. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या रंगाची खात्री नाही. कोरडं खरवडलं की त्याची धूळ उडते. ती लहान मुलांच्या पोटात गेली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, गरोदर बाईलाही धोका असतो. म्हणून पाणी मारून, ओल्या पॉलिश पेपरनेच घासायचं. तोंडाला नुसता पदर पुरत नाही, चांगला मास्क लावा. पोपडे अंगणात झाडू नका, पिशवीत बांधून टाका. घरात तान्हं मूल असेल आणि रंग सुटत नसेल, तर तो खरवडूच नका. त्यावरच नवा रंग द्या.

आता सजावट. बोळीसारख्या जागेत भिंत कशी दिसते, हे आधी उभं राहून बघा. ताईंच्या घरात समोरची भिंत साडेचार फुटांवर आहे. इतक्या जवळून अठरा फूट एका नजरेत मावत नाहीत. आपण ती चालता चालता बघतो, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. त्यामुळे मधोमध एक भलंमोठं चित्र लावण्यात अर्थ नसतो. ते पूर्ण दिसेल इतकं मागे सरकायला जागाच नसते. अशा भिंतीवर बारीक, हाताच्या अंतरावरून बघण्यासारख्या गोष्टी शोभतात, एकापुढे एक. समोर मोकळी बैठक असेल तर उलट करा: एकच ठसठशीत गोष्ट, आणि बाकी भिंत रिकामी.

लांब भिंत चालत चालत दाखवायची ही युक्ती आपल्या मुलखात दीड हजार वर्षांपूर्वी माहीत होती. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात भिंतभर कथा रंगवल्या आहेत. तिथे एका प्रसंगातून दुसरा वेगळा करायला चौकट आखलेली नाही. एखादं दार येतं, खांब येतो, झाड येतं, आणि प्रसंग बदलतो. शेजारच्या सोळाव्या लेण्याचा दाता वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री होता, वत्सगुल्म म्हणजे आपल्या वाशीमच्या शाखेचा. त्याच वाकाटकांच्या थोरल्या शाखेची राजधानी प्रवरपूर म्हणजे आपलं पवनार, असं वा. वि. मिराशींनी मांडलं, आणि १९६७ साली इथे उत्खननही झालं. तेव्हा अजिंठा म्हणजे फार दूरची गोष्ट असं मानू नका. आणि त्या चित्रांखाली काय आहे? माती, भाताचा तूस, गवत-काड्यांचे धागे, वर चुन्याचा पातळ हात. म्हणजे सारवणच. अस्तर नीट केलं म्हणून चित्रं इतकी वर्षं राहिली, आणि जिथे अस्तर सुटलं तिथे चित्रही गेलं.

आपल्या अठरा फुटांनाही असेच थांबे द्या. फूटपट्टीने सारखे भाग पाडू नका. दार, खिडकी, मीटरची पेटी, देवळी, जे आहे तेच थांबे. दाराजवळ चपला काढताना नजर जाते तिथे एक, पाणी भरताना उभं राहतो तिथे एक, शेवटी अंगणाच्या उजेडाजवळ एक. मधला भाग मोकळा सोडायला भिऊ नका. रिकामी जागा दिसली की आपल्याला वाटतं, पाहुणे काय म्हणतील. पाहुणे काही म्हणत नाहीत, ते चहाकडे बघतात.

उंचीचं एक सांगते. पुस्तकांत लिहितात की चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर यावा. ते उभ्या माणसाच्या डोळ्यासाठी. आपण चटईवर बसून तांदूळ निवडतो, लेकरं जमिनीवर अभ्यास करतात. बसण्याच्या जागी तोच मध्य साडेतीन-चार फुटांवर आणा. आपल्याकडे फोटो इतके वर टांगतात की त्यातल्या माणसांशी ओळख राहत नाही, नुसती उदबत्ती राहते.

खालच्या तीन फुटांत काही लावू नका. तिथे पाठी टेकतात, तेलकट डोकी लागतात, फडकं मारताना पाणी उडतं. जुन्या घरांत तिथे गेरूचा पट्टा असायचा, वर पांढरा चुना. तो पट्टा पुन्हा करा. मळ दिसत नाही, दरवर्षी तेवढाच भाग रंगवता येतो, आणि लांब भिंतीला एक बूड मिळतं. पट्ट्याची वरची कड दोरीला नीळ लावून, दोघींनी दोन टोकं धरून, ताणून सोडली की सरळ उमटते. नऊ फुटांची उंची फार वाटत असेल तर पट्टा चार फुटांपर्यंत न्या. बाकी अमुक रंगाने खोली मोठी दिसते, तमुक रंगाने लहान, या गोष्टींत मी जाणार नाही. एवढंच की अंधाऱ्या बोळीत वरचा रंग फिकटच हवा.

भिंतीवरच काही काढायचं असेल तर सेवाग्रामला बापूकुटीत जाऊन या. गांधीजी १९३६ साली तेव्हाच्या शेगावात राहायला आले. आज आपण बापूकुटी म्हणतो ती झोपडी मुळात मीराबेनची होती. तिच्या मातीच्या भिंतीवर मीराबेनने ताडाची झाडं, ॐ अशी चित्रं मातीतच उठवली आहेत. रंग नाही, चौकट नाही, खिळा नाही. भिंत ज्याची, चित्रही त्याचंच. म्हणून ते चिकटवल्यासारखं वाटत नाही, भिंतीतून उगवल्यासारखं वाटतं. सारवताना तेही सारवलं जातं.

हे घरी करता येतं. भिंत मातीची असेल तर चाळलेली माती, बारीक कुटार आणि शेण एकत्र मळून दोन दिवस मुरवा. जिथे आकार हवा तिथे भिंत विळ्याने खरखरीत करा, पाणी शिंपडा, आणि मातीच्या वळ्या दाबून बसवा. अर्ध्या इंचापेक्षा जाड करू नका, नाहीतर वाळताना तडकतं. सिमेंटच्या गिलाव्यावर माती धरत नाही. तिथे प्लायवूडच्या फळीवर डिंक घातलेल्या मातीने आकार उठवा आणि फळी टांगा. कच्छच्या बाया आपल्या भुंग्यांत आरसे बसवून असंच काम करतात. अंधाऱ्या बोळीत चार-दोन आरशाचे तुकडे बसवले तर समोरच्या दारातला उजेड आत येतो. नागपंचमीला काढतो तो नाग काढायला, दिव्याच्या अवसेला जिवतीचा कागद लावायला मात्र हातभर जागा राखून ठेवा. सजवलेल्या भिंतीवर सणाला जागा नाही, असं होऊ नये.

आता फोटो. लांब भिंतीवर घरातल्या माणसांचे फोटो लावावेत हे सगळ्यांनाच सुचतं, आणि वाटणी झालेल्या घरात पहिलं भांडण तिथेच होतं. सासूबाईंचा एकच फोटो, तो कुणाकडे? यावर भांडू नका. वर्ध्याला कुठल्याही स्टुडिओत जुन्या फोटोवरून नवी प्रत निघते. दोन काढा. मूळ फोटो कुणाकडे राहील ते चिठ्ठी टाकून ठरवा. प्रत भिंतीच्या दोन्ही बाजूंना लागू दे. आपल्या आश्रमात राम-भरत भेटीचं शिल्प आहे, तुम्ही बघितलं असेल. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना या भेटीचं चित्र कुणी काढावं असं म्हटलं होतं, आणि पुढे इथे जमीन खणताना तसं शिल्प हाती आलं. मातीखाली पडलेले जुने शिल्पपट असे उचलून नीट मांडले, तेही आपल्या गावाने बघितलं आहे. तुमच्या घरातही माळ्यावर, पेटीत, धान्याच्या कोठीमागे काय काय असेल. पाटा, जुन्या दाराची कोरीव पट्टी, सासूबाईंची अडकित्त्याची पेटी, आजीने शिवलेली वाकळ. विकत आणण्याआधी एकदा माळा उतरवा.

फोटोंबरोबर नावं लिहा. काही घरांत वंशावळ फ्रेम करून लावतात. ती वाचून बघा. पणजोबा, आजोबा, काका, चुलतभाऊ. ज्या बायांनी त्या घराच्या भिंती पन्नास-पन्नास वर्षं सारवल्या त्यांचं नाव त्यात नसतं, आणि लेकींचंही नसतं. मला हे पटत नाही. तुमच्या भिंतीवर वंशावळ लावणार असाल तर सुनेचं माहेरचं नाव, लेकीचं नाव, ती कुठल्या गावी दिली तेही लिहा. घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारून लिहा, आणि लवकर विचारा. ती गेली की ही नावं सांगणारं कुणी उरत नाही. ताईंनी हे ऐकून फोनवर विचारलं, "दिराच्या लेकींची नावं पण लिहू का?" लिहा ना. वाटणी घराची झाली आहे, आजीची झालेली नाही.

टांगताना सांभाळून. वाटणीची भिंत बहुधा अर्ध्या विटेची असते, गिलाव्यासकट जेमतेम पाच-सहा इंच. लांब खिळा ठोकला तर पलीकडच्या घरात गिलाव्याचा टवका उडतो आणि नवं भांडण उभं राहतं. इंच-दीड इंचाच्या आत राहा. त्याहून बरं म्हणजे सुताराकडून दोन इंच रुंदीची लाकडी पट्टी करून घ्या आणि सहा फुटांच्या उंचीवर भिंतभर बसवा. दर दोन-अडीच फुटांवर ड्रिलने भोक पाडून, गिट्टी घालून स्क्रू बसवला की झालं. मग सगळे फोटो, टोपल्या, वाकळ त्या पट्टीवरच्या खुंट्यांना दोरीने टांगा. भिंतीला आठ भोकं पडतील, चाळीस नाही. बदलावंसं वाटलं तर खुंटी बदला. जुन्या घरात खुंट्यांची रांग असायची ती याचसाठी. बटनाच्या बोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायर तिथूनच जाते. आणि मध्ये खांब नसलेल्या लांब अर्ध्या विटेच्या भिंतीवर भांड्यांचं जड कपाट ठोकू नका. कपाट जमिनीवरच उभं करा.

फोटो कुठे येतील ते ठरवायला जुन्या पेपरचे तेवढ्या मापाचे तुकडे कापा आणि चिकटपट्टीने भिंतीवर लावा. दोन-तीन दिवस जाता-येता बघा. हलवावेसे वाटले तर हलवा, मगच खुंटी. दोन फोटोंत दोन-तीन बोटं अंतर ठेवा, आणि सगळ्यांच्या खालच्या कडा एका ओळीत आणा. वेगवेगळ्या मापाच्या फ्रेमाही मग एका घरच्या वाटतात. हार घातलेले फोटो सगळे एकाच जागी नकोत. त्यांच्यामध्ये लेकराचं चित्र, शाळेचं प्रमाणपत्र येऊ द्या. वाकळ टांगणार असाल तर तिच्यामागे काडीभर पोकळी ठेवा, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा उचलून बघा, नाहीतर मागे बुरशी धरते. आणि कॅलेंडरची जागा आधी ठरवा. घरातली सगळ्यात जास्त बघितली जाणारी वस्तू तीच, दुधाचा हिशोब, गॅसची तारीख, पाळीची खूण सगळं तिच्यावर. ती नीट लागली नाही तर आठ दिवसांत ती तुमच्या सजावटीच्या मधोमध येऊन बसते.

खर्चाचं बोलायचं तर सगळं एकदम करू नका. यंदा ओल आणि चुना. पुढच्या उन्हाळ्यात पट्टा आणि लाकडी पट्टी. मग एकेक फोटो. रंगाऱ्याला काम दिलं तर चौरस फुटाचा भाव ठरवताना माप स्वतः घ्या: अठरा गुणिले नऊ म्हणजे एकशे बासष्ट चौरस फूट, त्यातून दाराचे वजा. गेरू-चुन्याचा पट्टा त्याला जमत नाही म्हणाला तर तो तुम्ही शेजारणीला घेऊन करा.

शेवटी दिवा. ट्यूबलाइट लांब भिंतीवरच लावली तर उजेड भिंतीला घासून खाली येतो आणि गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा सावली पाडतो. दिवा समोरच्या भिंतीवर लावा. रंग देण्याआधी याचाच उपयोग करून घ्या: रात्री दिवे बंद करून बॅटरी भिंतीला टेकवून धरा आणि उजेड भिंतीसरशी सोडा. जिथे सावली पडेल तिथे खडूने खूण करा. सकाळी मिस्त्री आला की त्याला त्या खुणा दाखवा, आणि त्या नीट झाल्याशिवाय पैसे देऊ नका.